हवामान बदलते तेव्हा : मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरचे ट्युनिंग नव्याने शिकणाऱ्यांसाठी

कार्ब्युरेटरला हवेचा वेग कळतो, तिचे वजन कळत नाही. हवामान बदलल्यावर इंजिनात जे बिनसते त्याचे मूळ बहुतेक वेळा या एका उणिवेत असते. व्हेंचुरी, म्हणजे कार्ब्युरेटरच्या नळीचा मधला अरुंद भाग, तेथून हवा वेगाने जाते तेव्हा तेथील दाब उतरतो आणि त्या फरकामुळे फ्लोट बाउलमधील, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीतील, पेट्रोल जेटमधून (बारीक मोजक्या छिद्राच्या तोटीतून) वर खेचले जाते. इंजिनाला मात्र पेट्रोल आणि हवा यांचे वजनी प्रमाण हवे असते. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी १ भाग पेट्रोलामागे सुमारे १४.७ भाग हवा लागते आणि पूर्ण थ्रॉटलवर सर्वाधिक शक्ती साधारण १२.५ ते १३ भाग हवेवर मिळते. पेट्रोल जास्त झाले की मिश्रणाला रिच म्हणतात आणि कमी झाले की लीन म्हणतात.

हवा विरळ झाली की व्हेंचुरीतील दाबाचा फरकही घटतो, त्यामुळे पेट्रोल थोडे कमी खेचले जाते. पण ते हवेच्या प्रमाणात घटत नाही, तर घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. म्हणून हवेची घनता १० टक्क्यांनी उतरली तर पेट्रोल सुमारे ५ टक्क्यांनीच उतरते आणि मिश्रण तेवढे रिच होते. घनता वाढली की उलट घडते आणि मिश्रण लीन होते. पुढील जवळजवळ सर्व सूचना या एका नियमातून निघतात, त्यामुळे तो नीट समजून घेतल्याशिवाय हातात स्क्रूड्रायव्हर घेऊ नये. हे सर्व कार्ब्युरेटरच्या गाड्यांपुरते आहे. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत तापमान आणि दाब मोजणारे सेन्सर ही दुरुस्ती स्वतःच करतात.

कोणत्या घटकाने किती फरक पडतो

तापमानाचा परिणाम रोजच्या वापरात सर्वाधिक जाणवतो. समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस तापमानाच्या कोरड्या हवेची घनता दर घनमीटरला १.२२५ किलोग्रॅम असते. ५ अंशांना ती सुमारे १.२७ असते आणि ४० अंशांना सुमारे १.१३ पर्यंत खाली येते. हा ११ टक्क्यांचा फरक आहे. ५ अंशांना पूर्ण थ्रॉटलवर मिश्रण १३ ला १ असेल, तर कोणताही स्क्रू न हलवता ४० अंशांना ते सुमारे १२.२५ ला १ होते. गाडी जड वाटते, पेट्रोल जास्त पिते, प्लग काळवंडतो; पण इंजिनाला धोका नसतो. उलट दिशेने पाहिले तर चित्र बदलते. ४० अंशांना १३ ला १ बसवलेले मिश्रण ५ अंशांना सुमारे १३.८ ला १ होते, आणि ट्युनिंग आधीच काठावर असेल तर इंजिन तापणे, ठोका येणे, टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन पकडणे येथपर्यंत मजल जाऊ शकते. उकाड्यात केलेले ट्युनिंग थंडीत महाग पडते, हे लक्षात ठेवावे.

समुद्रसपाटीपासूनची उंची हा खरे तर हवामानाचा घटक नव्हे, पण तिचा परिणाम हवामानापेक्षा मोठा असल्यामुळे तिला वगळून चालत नाही. प्रमाण वातावरणात २,००० मीटर उंचीवर हवेचा दाब सपाटीच्या सुमारे ७८ टक्के उरतो. वर गारवा असतो म्हणून घनता थोडी सावरते आणि सुमारे ८२ टक्के भरते. मिश्रण साधारण १० टक्क्यांनी रिच होते. ३,००० मीटरवर घनता सुमारे ७४ टक्के असते.

आर्द्रतेबद्दल गैरसमज फार आहेत. ओलसर हवा जड असते असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात पाण्याच्या वाफेचा रेणू हवेच्या सरासरी रेणूपेक्षा हलका असतो आणि वाफ ऑक्सिजनची जागाही अडवते. ३० अंशांना हवा वाफेने पूर्ण भरली तर एकूण दाबापैकी सुमारे ४ टक्के दाब एकट्या वाफेचा असतो, १० अंशांना मात्र तो जेमतेम सव्वा टक्का असतो. म्हणून दमट उकाड्यात आर्द्रतेचा हिशेब धरावा, थंडीत तो सोडून दिला तरी चालते. एकाच ठिकाणी दिवसागणिक होणारा हवेच्या दाबातील चढउतार बहुधा १० ते २० हेक्टोपास्कल, म्हणजे १ ते २ टक्के असतो. मिश्रणावर त्याचा परिणाम १ टक्क्याच्या आतच राहतो. रोजच्या गाडीसाठी त्याकडे दुर्लक्ष करावे.

हवामानाला दोष देण्यापूर्वी

माझ्या मते नवशिक्यांचा सर्वाधिक वेळ येथे वाया जातो. ऋतू बदलला आणि गाडी मिसिंग करू लागली की लगेच जेट बदलण्याची घाई होते. वास्तविक दोष अनेकदा जुनाच असतो आणि हवामानाने तो फक्त उघडा पाडलेला असतो. उदाहरणार्थ, कार्ब्युरेटर आणि इंजिन यांना जोडणाऱ्या रबरी मॅनिफोल्डला बारीक तडा गेलेला असेल, तर थंडीत रबर कडक झाल्यावर तेथून जादा हवा आत शिरते आणि गाडी लीन वागते. एअर फिल्टर धुळीने भरलेला असेल, तर उन्हाळ्याने रिच झालेले मिश्रण आणखी रिच होते. अशा गाडीत जेट बदलणे म्हणजे एका चुकीवर दुसरी चूक चढवणे होय.

म्हणून प्रथम एअर फिल्टर स्वच्छ करावा, स्पार्क प्लग आणि त्याचे अंतर तपासावे, फोर-स्ट्रोक गाडीत व्हॉल्व्हचे क्लिअरन्स पाहावे, मॅनिफोल्डचे क्लॅम्प घट्ट आहेत की नाहीत ते पाहावे आणि फ्लोटची पातळी गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिल्याप्रमाणे आहे याची खात्री करावी. फ्लोटची पातळी चुकलेली असेल, तर आयडलपासून पूर्ण थ्रॉटलपर्यंत सगळीकडे मिश्रण चुकते. कार्ब्युरेटर उघडलाच असेल, तर आतील मेन जेट, पायलट जेट आणि नीडल (सुई) यांवरील आकडे लिहून ठेवावेत; त्यांची कामे पुढे दिली आहेत. जुनी गाडी घेतली असेल, तर आधीच्या मालकाने काय बसवले आहे याचा भरवसा धरू नये.

काम करताना पेट्रोल कॉक बंद ठेवावा, जवळ ज्योत किंवा ठिणगी असू नये आणि बंद खोलीत इंजिन चालवू नये, कारण एक्झॉस्टमधील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

हवेची नोंद आणि हिशेब

सर्व काही जागेवर आहे असे दिसल्यावर त्या दिवसाची हवा मोजावी. तापमान सावलीतले घ्यावे. दाब घेताना मात्र एक खाच आहे : हवामानाच्या अंदाजात आणि मोबाइलवरील अॅपमध्ये दाखवला जाणारा दाब सहसा समुद्रसपाटीला रूपांतरित केलेला असतो. तुम्ही १,५०० मीटर उंचीवर असलात तरी तेथे १,०१३ च्या आसपासचाच आकडा दिसू शकतो, प्रत्यक्षातील दाब मात्र ८५० हेक्टोपास्कलच्या जवळपास असतो. हिशेबासाठी प्रत्यक्ष जागेवरचा दाब लागतो. बॅरोमीटर असलेला फोन किंवा घड्याळ तो दाखवते.

हिशेब सोपा आहे. जागेवरचा दाब हेक्टोपास्कलमध्ये घेऊन त्याला १,०१३ ने भागावे. २८८ ला, सेल्सिअस तापमानात २७३ मिळवून येणाऱ्या संख्येने भागावे. आणि या दोन भागाकारांचा गुणाकार करावा. जी संख्या येते ती प्रमाण हवेच्या तुलनेतील घनता होय. १,००८ हेक्टोपास्कल आणि ३८ अंश असतील तर उत्तर सुमारे ०.९२ येते. आजच्या संख्येला, ज्या दिवशी गाडी उत्तम चालत होती त्या दिवसाच्या संख्येने भागून त्याचे वर्गमूळ काढले, की मेन जेटमधून येणारे पेट्रोल कितीपट हवे ते कळते. पूर्वीची संख्या १.०० आणि आजची ०.९२ असेल, तर वर्गमूळ सुमारे ०.९६ येते, म्हणजे पेट्रोल ४ टक्के कमी हवे.

हे ४ टक्के जेटच्या आकड्यावर कसे उतरवायचे, याची पद्धत जेटप्रमाणे बदलते. मिकुनी या बनावटीच्या काही जेटमालिकांत आकडा पेट्रोलाच्या प्रवाहावरून दिलेला असतो. तेथे १०० ऐवजी ९७.५ किंवा ९५ बसवणे म्हणजे अनुक्रमे अडीच किंवा ५ टक्क्यांची घट होय. केहिन या दुसऱ्या बनावटीच्या मेन जेटवर मात्र सामान्यतः छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत असतो, आणि प्रवाह व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्यामुळे १०० वरून ९८ वर जाताच सुमारे ४ टक्के घट होते. म्हणून एका बनावटीच्या जेटचा आकडा पाहून दुसऱ्या बनावटीचे जेट कधीही निवडू नये.

यातून ढोबळ अंदाज असा निघतो की, प्रवाहावरून आकडे दिलेल्या जेटमध्ये १०० च्या आसपासची अडीचची एक पायरी सुमारे १५ अंश तापमानाच्या किंवा सुमारे ५०० मीटर उंचीच्या फरकाला पुरते. सकाळ आणि दुपार यांत ८-१० अंशांचा फरक पडला म्हणून कार्ब्युरेटर उघडण्याचे कारण नाही. शर्यतीत उतरणारे ते करतात, कारण त्यांना शेवटचा १ टक्काही हवा असतो. रोजच्या गाडीने वर्षभर चालायचे असते. अशा गाडीचे ट्युनिंग त्या प्रदेशातील थंड दिवसांत करावे आणि उन्हाळ्यात ते किंचित रिच राहिले तर राहू द्यावे.

थ्रॉटल किती उघडल्यावर बिघडते, ते आधी पाहावे

कार्ब्युरेटरमध्ये एकच जेट सर्व काम करत नाही. आयडलपासून साधारण पाव थ्रॉटलपर्यंत पायलट जेट आणि त्याचा स्क्रू यांचा अंमल असतो; पाव ते पाऊण थ्रॉटलपर्यंत नीडलची जाडी आणि तिच्या क्लिपची खाच यांचा; आणि पाऊण थ्रॉटलनंतर मेन जेटचा. या सीमा काटेकोर नसतात, एकीचा परिणाम दुसरीत उतरतो. थ्रॉटलच्या मुठीवर आणि शेजारच्या स्थिर भागावर पांढरी पट्टी चिकटवून बंद, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा केल्या, तर गाडी नेमकी कोठे अडखळते ते अंदाजाने नव्हे, डोळ्यांनी पाहता येते. ही पट्टी लावण्याचा आळस करू नये.

मिश्रण रिच असेल तर आवाज घोगरा आणि जड होतो, रेस उशिरा चढते, गाडी गरम झाल्यावर दोष वाढतो आणि चोक किंचित ओढल्यास आणखी बिघडतो. मिश्रण लीन असेल तर रेस सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो, रेस देताच क्षणभर खड्डा पडल्यासारखे वाटते, आयडल कधी चढलेले तर कधी डळमळते राहते, आणि चोक किंचित ओढल्यास गाडी सुधारते. चोकची ही परीक्षा नवशिक्यासाठी सर्वांत विश्वासू आहे, कारण आवाजाची पारख सवयीने येते आणि प्लगचा रंग आजच्या शिसेविरहित पेट्रोलावर पूर्वीइतका स्पष्ट उमटत नाही.

स्क्रू, नीडल, मेन जेट

ऋतूबदलापुरते बोलायचे तर बहुतेक गाड्यांत केवळ पायलटच्या स्क्रूवर काम भागते. पण हा स्क्रू दोन प्रकारचा असतो. तो स्लाइडच्या (हवेची वाट उघडणाऱ्या सरकत्या पडद्याच्या) अलीकडे, एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो एअर स्क्रू असतो. आत फिरवल्यास हवा कमी होऊन मिश्रण रिच होते. तो स्लाइडच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला असेल तर तो मिश्रणाचा स्क्रू असतो. आत फिरवल्यास मिश्रण लीन होते. हा भेद न पाहता केलेले ट्युनिंग नेमके उलटे होते. काही गाड्यांत प्रदूषणाच्या नियमांमुळे या स्क्रूवर कारखान्यातच बूच बसवलेले असते. तेथे तुमच्या भागातील नियम पाहूनच पुढे जावे.

गाडी १०-१५ मिनिटे चालवून इंजिन पूर्ण गरम करावे. मग इंजिन बंद करून स्क्रू हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवावा आणि किती फेरे झाले ते लिहावे. जोर लावल्यास टोक किंवा त्याची बैठक खराब होते आणि नंतर कोणतेही ट्युनिंग टिकत नाही. स्क्रू पुन्हा मूळ जागी आणून इंजिन सुरू करावे आणि पाव-पाव फेरा आतबाहेर करत आयडल सर्वांत वर कोठे जाते ते शोधावे. प्रत्येक बदलानंतर इंजिनाला काही सेकंद स्थिरावू द्यावे. ती जागा मिळाल्यावर आयडलच्या स्वतंत्र स्क्रूने वेग पूर्ववत खाली आणावा आणि हीच क्रिया आणखी एकदा करावी. एअर स्क्रूची योग्य जागा एका फेऱ्याच्या आत येत असेल, तर पायलट जेट एक पायरी मोठे हवे. अडीच फेऱ्यांच्या पुढे जात असेल, तर लहान हवे. मिश्रणाच्या स्क्रूबाबत हा अर्थ उलटा घ्यावा.

दोष मधल्या थ्रॉटलवर असेल तर नीडलकडे वळावे. क्लिप वरच्या खाचेत नेली की नीडल खाली बसते आणि मिश्रण लीन होते. क्लिप खालच्या खाचेत नेली की नीडल वर येते आणि मिश्रण रिच होते. एका वेळी एकच खाच बदलावी. काही गाड्यांत नीडलला एकच खाच असते. तेथे हा मार्ग उपलब्ध नसतो.

मेन जेटची परीक्षा पूर्ण थ्रॉटलवर होते आणि ती वाहत्या रस्त्यावर करू नये. वाहतुकीला बंद असलेली मोकळी जागा हवी. वरच्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल देऊन गाडी स्थिर वेगाला आल्यावर मूठ किंचित मागे घ्यावी. तसे करताच गाडी क्षणभर जोर धरत असेल तर मेन जेट लहान, म्हणजे लीन आहे. पूर्ण थ्रॉटलवर इंजिन भरल्यासारखे अडखळत असेल आणि पाऊण थ्रॉटलवर मोकळे होत असेल तर ते मोठे आहे. हिशेबातून आलेल्या आकड्यापेक्षा एक पायरी मोठ्या जेटपासून सुरुवात करून खाली यावे. लहानापासून सुरुवात करून वर जाण्यात पिस्टन पणाला लागतो.

एका वेळी एकच बदल करावा आणि त्यासमोर तारीख, तापमान, दाब आणि गाडीचे वागणे लिहावे. दोन बदल एकदम केले, तर सुधारणा कशामुळे झाली हे कळत नाही.

थंडी, पाऊस आणि कडक ऊन यांच्या खास तक्रारी

थंड सकाळी गाडी सुरू न होणे हा ट्युनिंगचा दोष नसतो. गार पेट्रोलाची वाफ नीट होत नाही, म्हणून सिलिंडरपर्यंत पोहोचणारे मिश्रण लीन पडते, आणि चोक त्यासाठीच असतो. चोक न वापरता सुरू व्हावी म्हणून पायलटचे मिश्रण रिच करून ठेवणे चुकीचे आहे. तीच गाडी दुपारी काळा धूर सोडेल.

गारठा आणि ओलावा एकत्र आले की कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू शकतो, हे अनेकांना खरे वाटत नाही. पेट्रोलाची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषते, व्हेंचुरीतील तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच खाली जाते आणि हवेतील ओलावा तेथे गोठतो. बाहेर शून्याच्या वर काही अंश असतानाही हे घडते. एकसारख्या वेगाने चाललेली गाडी हळूहळू दम सोडते, बंद पडते आणि काही मिनिटे उभी ठेवल्यावर इंजिनाच्या उबेने बर्फ वितळून पुन्हा बिनतक्रार सुरू होते. हे लक्षण दिसल्यास जेटला हात लावू नये. काही गाड्यांच्या कार्ब्युरेटरवर यासाठी हीटर दिलेला असतो. तो चालू आहे का ते पाहावे.

पावसाळी हवेने मिश्रणात पडणारा फरक लहान असतो, पाण्याने होणारा उपद्रव मोठा असतो. कागदी एअर फिल्टर भिजला की हवा अडते आणि गाडी एकाएकी रिच होते. फ्लोट बाउलची हवा खेळती ठेवणारी व्हेंटची नळी पाण्यात बुडाली किंवा चिखलाने बुजली, तर बाउलमधून पेट्रोल सुरळीत येत नाही आणि गाडी पाणी ओलांडतानाच बंद पडते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा धरते. गाडी बराच काळ उभी राहणार असेल तर बाउलच्या तळाचा स्क्रू सैल करून तो रिकामा करावा. इथेनॉलला जळण्यासाठी हवा कमी लागते, त्यामुळे त्याचे प्रमाण वाढलेल्या पेट्रोलावर तीच गाडी किंचित लीन चालते. थंडीच्या सुरुवातीलाच पेट्रोल बदलले तर दोन्ही परिणाम एकाच दिशेने जातात.

कडक उन्हात गरम गाडी थोडा वेळ उभी करून पुन्हा सुरू करताना त्रास होत असेल, तर इंजिनाच्या उष्णतेने बाउलमधले पेट्रोल उकळू लागलेले असण्याची शक्यता असते, कारण पेट्रोलातील सर्वांत हलके घटक ३५ ते ४० अंशांच्या आसपासच वाफ होऊ लागतात. अशा वेळी चोक न ओढता थ्रॉटल थोडा उघडून गाडी सुरू करावी, आणि पेट्रोलची नळी सिलिंडरला टेकलेली नाही ना ते पाहावे.

उंचावर जाताना आणि उतरताना

एक-दोन दिवसांसाठी डोंगरावर जाणार असाल तर काहीही बदलू नये. गाडी रिच चालेल, पेट्रोल जास्त लागेल, पण धोका नाही. व्हॅक्युमवर चालणारा डायाफ्रामचा कार्ब्युरेटर असेल तर तो हा फरक काही अंशी स्वतःच सांभाळून घेतो. अधिक काळ राहायचे असेल तर वरच्या हिशेबाने जेट लहान करावे : सपाटीला प्रवाहाचे १२० आकड्याचे जेट उत्तम असेल, तर २,००० मीटरवर ०.९०७ ने गुणून सुमारे १०९ येते, म्हणून ११० बसवावे. त्याने आवाज मोकळा होईल आणि धूर थांबेल. पण हवाच कमी असल्यामुळे गेलेली शक्ती कोणतेही जेट परत आणत नाही, म्हणून ती मिळवण्यासाठी आणखी लहान जेट लावत बसू नये.

उतरण्यापूर्वी मूळ जेट परत बसवणे आवश्यक आहे, कारण ११० चे जेट खालच्या दाट हवेत सुमारे ८ टक्के कमी पेट्रोल देते. मूळ जेट म्हणूनच गाडीच्या हत्यारांसोबत ठेवावे. ते न बदलता उतरावेच लागले, तर अर्ध्याहून अधिक थ्रॉटल सलग देऊ नये आणि अधूनमधून थांबून इंजिन निवू द्यावे. पेट्रोलातच तेल मिसळलेल्या टू-स्ट्रोक गाडीत लांब उतारावर मूठ पूर्ण बंद ठेवली तर पेट्रोलाबरोबर तेलही थांबते. तेथे थोड्या थोड्या अंतराने क्लच दाबून किंचित रेस द्यावी.